खुर्चीला जोडलेली वाचा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘चाकांच्या खुर्चीला साधने जोडण्याचा इतिहास’ असा विषय छापलेला पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. ज्याचे आयुष्य गेटसभा घेण्यात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात गेले त्याने बोनसवर बोलावे, फार तर महागाई भत्त्यावर बोलावे, अशी रीत आहे. पण संघटनेचे काम अंगावर घेण्यापूर्वी मी फिटर होतो. फिटर म्हणजे जोडणी करणारा. टर्नर एक भाग कातून देतो, मिलिंगवाला दुसरा भाग देतो, दोन्ही भाग नकाशाबरहुकूम असतात, आणि तरीही ते एकमेकांत बसत नाहीत. मग फिटर येतो. आजचा विषय ह्याच जातीच्या कामाचा आहे, म्हणून तो मी मागून घेतला.

अपंग माणसाची चाकांची खुर्ची ही एक वस्तू. त्याला बोलता यावे, लिहिता यावे, घास तोंडापर्यंत नेता यावा म्हणून केलेले यंत्र ही दुसरी वस्तू. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वस्तू असते. खुर्चीच्या नळीला आवळलेला क्लॅम्प, त्यातून निघालेली दांडी, दांडीला एकदोन सांधे आणि शेवटी यंत्र धरून ठेवणारी पट्टी. आमच्या खात्यात ह्या सगळ्याला ब्रॅकेट म्हटले असते. खुर्चीचा इतिहास लिहिला गेला आहे, बोलणाऱ्या यंत्राचाही लिहिला गेला आहे. मधल्या ब्रॅकेटचा इतिहास मात्र कोणी सलग लिहिलेला मला आढळला नाही. तो दहा ठिकाणांहून वेचावा लागतो. वस्तुतः यंत्र माणसाच्या उपयोगी पडते की कपाटात पडते, हे पुष्कळदा ह्या तिसऱ्या वस्तूवरच ठरते.

एक शब्दाची गोष्ट. सरकारी कागदांत हल्ली ‘दिव्यांग’ असे लिहितात. तो शब्द ज्यांना रुचतो त्यांच्याशी माझे भांडण नाही. मी जुन्या वळणाने ‘अपंग’ म्हणतो, कारण ज्यांच्याबरोबर मी काम केले ते स्वतःला तसे म्हणत.

आता फार मागे न जाता दोन खुर्च्या पाहू. स्पेनचा राजा दुसरा फिलिप संधिवाताने जखडला होता. त्याच्यासाठी १५९५ साली केलेल्या खुर्चीचे चित्र उपलब्ध आहे. पाठ मागे कलती होते, पाय ठेवायला वेगळी फळी आहे, पायांना चाके आहेत. पण ती ढकलायला नोकर लागत. राजाला त्याचे काय दुःख असणार! दुसरी खुर्ची साठ वर्षांनंतरची. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी स्टेफान फारफ्लर नावाचा घड्याळजी होता. त्याचे पाय चालत नव्हते. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने आपल्याच हातांनी तीन चाकांची गाडी केली. पुढच्या चाकाला दातेरी चक्रे जोडून ती हाताने फिरवावयाची आणि कोणाच्याही मदतीवाचून रस्त्याने जावयाचे. घड्याळातील दातेरी चक्रांची विद्या त्याने खुर्चीला जोडली. खुर्चीला यंत्र जोडण्याचा इतिहास येथून धरावयास माझी हरकत नाही, आणि तो राजापासून सुरू न होता कारागिरापासून सुरू होतो ह्याचा मला आनंद आहे, हेही लपवून ठेवत नाही.

पुढची पावणेतीनशे वर्षे मी ओलांडतो. त्या काळातील खुर्च्या लाकडाच्या, वेताच्या, जड, आणि बहुतेक ढकलावयाच्याच. त्यांना काही जोडावयाचे तर सुताराकडे जावे लागे.

खरा पालट १९३३ साली झाला. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकेतील खाण-अभियंता. १९१८ साली खाणीतील अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला. मोटारीत घालता येईल अशी खुर्ची त्याला मिळेना. हॅरी जेनिंग्ज हा त्याचा यंत्र-अभियंता मित्र. दोघांनी मिळून पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारख्या आडव्या पट्ट्या असलेली, मिटणारी खुर्ची केली. आजही आपल्या सरकारी दवाखान्यात जी मिटणारी खुर्ची दिसते तिचे मूळ हेच. ती मिटते म्हणून तिची कीर्ती झाली. फिटरच्या नजरेला दुसरीच गोष्ट दिसते, ती म्हणजे तिची नळी गोल होती. गोल नळीवर क्लॅम्प कोठेही आवळता येतो, वरखाली सरकवता येतो, हव्या त्या कोनात फिरवता येतो, आणि सोडवला तर मागे खूणही राहत नाही. लाकडाच्या खुर्चीत ही सोय नव्हती. खुर्चीला काही जोडता येईल अशी जागा प्रथमच तयार झाली, आणि ती कोणी मुद्दाम केली नव्हती.

ह्या दोघांच्या नावाने निघालेली कंपनी पुढे एवढी मोठी झाली की १९७७ साली अमेरिकन सरकारच्या न्यायखात्याने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. तो नंतर तडजोडीने मिटला. अपंग माणसाने काढलेला उद्योग अपंगांनाच महाग पडू लागला, ह्यात मला नवल वाटत नाही. मालकाचा पाय अधू असो वा धडधाकट असो, मक्ता तो मक्ता. ह्या मक्त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत राल्फ हॉचकिस हा अभियंता होता, आणि तो स्वतः चाकांच्या खुर्चीत बसणारा होता. १९८० साली तो निकाराग्वात गेला आणि तेथील अपंग तरुणांबरोबर, त्यांच्या गावात मिळतील त्याच नळ्या आणि चाके वापरून खुर्च्या बांधण्याच्या कामाला लागला. आपल्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानाला जे कळते ते त्याने अभियांत्रिकीच्या विद्येत आणून बसविले.

गोल नळीचा पहिला मोठा उपयोग पोलिओने करून घेतला. त्या साथींनी हजारो मुले व तरुण माणसे अशी मागे ठेवली की ज्यांचे पायच काय, खांदे आणि दंडही गेले होते, पण बोटांत थोडा जीव उरला होता. जेवणाचा घास समोर, बोटांत चमचा धरता येतो, पण हात उचलत नाही. ह्यांच्यासाठी जे साधन १९५०च्या दशकात अमेरिकेतील पोलिओ रुग्णालयांत सर्रास वापरले गेले ते मला सर्व यंत्रांत अत्यंत सुंदर वाटते. त्यात वीज नाही, मोटर नाही. खुर्चीच्या पाठीच्या उभ्या नळीला एक क्लॅम्प. त्यातून बॉलबेअरिंगवर फिरणारी एक आडवी दांडी, तिच्या टोकाला तशीच दुसरी, आणि तिच्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ठेवण्यासाठी पन्हळासारखा पत्रा. पन्हळ अशा बिंदूवर टेकवलेले असते की हाताचे वजन दोन्ही बाजूंना तोलले जाते. मग खांदा किंचित हलविला तरी पंजा वर येतो.

खरी खुबी क्लॅम्पमध्ये आहे. क्लॅम्प अगदी उभा बसविला तर हात जेथे असेल तेथे राहतो. तो एका बाजूला थोडा कलता केला तर दांडीला उतार मिळतो आणि हात आपोआप त्या दिशेला ओघळतो. ज्याला हात आत ओढता येतो पण बाहेर ढकलता येत नाही, त्याच्यासाठी क्लॅम्प बाहेरच्या बाजूला कलवावयाचा. ज्याची ताकद उलट आहे त्याच्यासाठी उलट. म्हणजे माणसाच्या अंगात जी ताकद नाही ती पृथ्वीच्या ओढीकडून उसनी घ्यावयाची, आणि किती घ्यावयाची हे एका बोल्टने ठरवावयाचे. येथे जोडणी हेच यंत्र आहे. दोन अंश चुकले की माणूस उपाशी, दोन अंश साधले की तो आपल्या हाताने जेवतो. असा क्लॅम्प लावणारा रुग्णालयातील कारागीर कोठल्याही शल्यवैद्याइतकाच मोलाचा, असे माझे मत आहे; पगारपत्रकाचे मत तसे नसते.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस ह्या रुग्णालयात ह्याच्या पुढची पायरी झाली. खुर्चीवर बसविलेला विजेचा बाहू, त्याला मोटरी, आणि त्या चालवावयाच्या जिभेने दाबण्याच्या बटणांनी. तो अवजड होता आणि चालवायला कठीण होता. पण खुर्चीवर यांत्रिक हात बसविण्याची कल्पना मेली नाही. कॅनडात शार्ल दग्येर नावाच्या तरुणाच्या घरी तीन मामा-काका स्नायू झिजण्याच्या रोगाने खुर्चीत होते. त्यांतील एकाने घरीच स्वतःसाठी यांत्रिक हात जुळवला होता. त्या भाच्याने २००६ साली कंपनी काढली आणि तिच्या यांत्रिक हाताला ‘जाको’ हे त्या नातलगाचे नाव दिले. आज जगात पुष्कळ खुर्च्यांवर तो बसविला जातो. किंमत मात्र मोटारगाडीच्या किमतीसारखी आहे.

आता हातावरून वाचेकडे येतो. इंग्लंडमध्ये एल्सबरीजवळ स्टोक मँडेव्हिल नावाचे रुग्णालय आहे. तेथे १९४४ साली लुडविग गुटमान ह्या, नाझींच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या डॉक्टराने कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. ह्याच रुग्णालयाच्या अंगणात १९४८ साली भरलेल्या सामन्यांतून पुढे पॅरालिंपिक निघाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, ते त्याच परंपरेत. स्टोक मँडेव्हिलला रेज मेलिंग नावाचे एक गृहस्थ रुग्णांची विचारपूस करायला येत. त्यांच्या ध्यानात आले की मानेखाली काहीच न हलणाऱ्या रुग्णाला जगाशी बोलण्याचे एकच साधन आहे, ते म्हणजे परिचारिकेला बोलावण्याची घंटा. १९६०च्या सुमारास त्यांनी एक यंत्र जुळवले. तोंडाशी एक नळी. तीत फुंकर मारली की एक खूण, हवा ओढली की दुसरी. ह्या खुणांवर दिवा, रेडिओ, दूरध्वनी, आणि पुढे टंकलेखन यंत्रसुद्धा चालू लागले. त्याला ‘पॉसम’ नाव पडले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मला जमते’ असा होतो.

परंतु ही वाचा खाटेला बांधलेली होती. यंत्र कपाटाएवढे, वीज भिंतीतून आलेली. माणसाला खुर्चीत घालून बागेत नेले की तो पुन्हा मुका. आपल्या गिरणीत भोंगा होईपर्यंत कामगाराला बोलण्याची बंदी असे, त्याची मला आठवण होते. फरक एवढाच की येथे बंदी हुकमाने आलेली नसून तारेच्या लांबीने आलेली होती.

तार तोडण्याचे काम भलत्याच ठिकाणी झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या लुळ्या सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातील जॉर्ज क्लाइन ह्या अभियंत्याने १९५३च्या सुमारास बॅटरीवर चालणारी खुर्ची तयार केली. तिचा हेतू हिंडणे-फिरणे हा होता. पण खुर्चीखाली बॅटरी आली म्हणजे खुर्ची हे फिरते वीजघर झाले. नळी १९३३ पासून होतीच. आता वीजही आली. ह्यापुढे जे जे यंत्र लहान होईल ते ते खुर्चीवर चढणार, हे ठरून गेले.

ते कसे चढले, हे पाहावयाचे तर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जावे लागेल. एड रॉबर्ट्स हा मुलगा १९५३ साली चौदाव्या वर्षी पोलिओने मानेखाली लुळा झाला. श्वासासाठी त्याला रात्री लोखंडी पिंपात झोपावे लागे. ते पिंप सुमारे ३६० किलोचे, वसतिगृहाच्या जमिनीला पेलणारे नाही, म्हणून १९६२ साली विद्यापीठाने त्याला आपल्या रुग्णालयात राहायला जागा दिली. त्याच्या मागोमाग आणखी अपंग विद्यार्थी आले. १९७० साली त्यांनी विद्यापीठाकडून स्वतःसाठी एक कार्यालय मिळविले, आणि त्या कार्यालयाच्या पहिल्या कामांत खुर्च्या दुरुस्त करण्याचे काम होते. १९७२ साली शहरात त्यांचे स्वतंत्र केंद्र निघाले. खुर्ची बिघडली की कारखान्याकडे धाडून महिनाभर अंथरुणात पडावयाचे, ही रीत त्यांनी मोडली. बसणारा समोर बसलेला आहे, तो सांगतो आहे, आणि मेकॅनिक त्याच्या सांगण्याप्रमाणे नळी वाकवतो आहे.

रॉबर्ट्सची स्वतःची खुर्ची १९९५ साली त्याच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली गेली. तिचे आसन शर्यतीच्या मोटारीतल्यासारखे आहे, श्वासाचे यंत्र व त्याची बॅटरी तिच्यावरच बसविलेली आहे, आणि रात्री रस्त्याने जाण्यासाठी पुढे मोटारीसारखा दिवा आहे. जो माणूस एके काळी ३६० किलोच्या पिंपाबाहेर रात्र काढू शकत नव्हता, त्याने श्वास खुर्चीला बोल्टने आवळून घेतला आणि दिवा लावून रस्त्यावर आला.

ह्या मंडळींची एक हकीकत विषयाला थोडी सोडून आहे, पण मी ती गाळणार नाही. अपंगांशी भेदभाव करू नये असे कलम अमेरिकेत १९७३ साली झाले. त्याचे नियम मात्र सरकार चार वर्षे करीना. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत शंभराहून अधिक माणसे, त्यांतील पुष्कळ खुर्च्यांसह, घुसली आणि जवळजवळ चार आठवडे तेथून हलली नाहीत. त्यांना जेवण ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते पोचवीत. त्यांचे शिष्टमंडळ राजधानीत गेले तेव्हा खुर्च्यांसह माणसे नेणारे वाहन मिळेना. शेवटी यंत्रकामगारांच्या संघटनेने मालमोटार भाड्याने घेऊन दिली, आणि तिच्या बंद, अंधाऱ्या हौद्यात बसून ते मंत्र्याच्या दाराशी गेले. २८ एप्रिल १९७७ रोजी नियमांवर सही झाली. मशीनिस्ट लोकांच्या संघटनेला हे सुचले, ह्यात आमच्या पेशाची काही अब्रू आहे.

आता स्टीफन हॉकिंगकडे. हे नाव सर्वांना ठाऊक असल्याने ही गोष्टही सर्वांना ठाऊक आहे असे वाटते. पण तिच्यातील फिटरचे नाव सहसा कोणी घेत नाही. केंब्रिजचा हा पदार्थशास्त्रज्ञ चेतापेशींच्या रोगाने खुर्चीत होता. १९८५ साली जिनीव्हाला असताना त्याला न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छेद द्यावा लागला, आणि उरलीसुरली वाचाही गेली. त्यानंतर काही काळ एकच मार्ग होता. दुसऱ्याने अक्षरांचा तक्ता धरावयाचा आणि योग्य अक्षरावर बोट आले की ह्याने भुवई उचलावयाची. कॅलिफोर्नियातील वॉल्ट वोल्टोझ नावाच्या गृहस्थाने आपल्या सासूसाठी, तिलाही हाच रोग होता, संगणकाचा एक कार्यक्रम लिहिला होता. पडद्यावर शब्द सरकत जातात आणि हव्या त्या शब्दावर एक बटण दाबावयाचे. तो त्याने हॉकिंगला दिला. यंत्राचा आवाज दुसऱ्या कंपनीचा होता. परंतु हे सगळे मेजावरच्या संगणकावर चाले. मेजापाशी हॉकिंग बोलू शके. मेज सोडले की गप्प. पॉसमचीच अडचण पुन्हा.

ती सोडविली डेव्हिड मेसन ह्याने. हा हॉकिंगच्या एका परिचारिकेचा नवरा, केंब्रिजमधील अभियंता. त्याने एक लहान संगणक आणि आवाजाचे यंत्र खुर्चीवर बसविले. जगाने पुढे तीस वर्षे जो आवाज ऐकला तो ह्या जोडणीमुळे सभागृहांत, विमानतळांवर, रस्त्यांवर गेला. आरंभी हॉकिंग बटण हाताने दाबी. हात गेल्यावर चष्म्याला बसविलेले एक साधन गालाची हालचाल टिपू लागले. वेग मिनिटाला १५ शब्दांच्या आसपास, पुढे त्याहूनही कमी.

जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग आपल्या मुंबईत आला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी तो आला, आणि त्याचा ५९वा वाढदिवस तेथेच झाला. त्याच मुक्कामात तो दिल्लीला गेला. तेथील कुतुबमिनारादी जुन्या वास्तूंना खुर्ची चढेल असे उतार नव्हते. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी ह्यांनी पुरातत्त्व खात्याचा पाठपुरावा केला तेव्हा घाईने लाकडी उतार टाकले गेले. एका पाहुण्यासाठी रातोरात जे होते ते गावच्या माणसासाठी वर्षानुवर्षे का होत नाही, ह्याचे उत्तर सभागृहातील प्रत्येकाला माहीत आहे.

मुंबईचा आणखी एक धागा येथे आहे. केंब्रिजचाच टोबी चर्चिल हा तरुण १९६८ साली मेंदूच्या दाहाने वाचा गमावून बसला आणि त्याने स्वतःसाठीच, टंकून बोलण्याचे ‘लाइटरायटर’ नावाचे छोटे यंत्र तयार केले. १९७३ पासून ते इतरांना मिळू लागले. मुंबईच्या मालिनी चिब ह्यांनी ते वापरले आहे. त्यांनी एका बोटाने टंकून आत्मचरित्र लिहिले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

इतिहास येथवर आला की प्रश्न पडतो, आता अडते कोठे? यंत्र हातात मावेल एवढे झाले आहे. मराठी बोलणारी यंत्रेही निघाली आहेत. मग क्लॅम्प तो काय! येथे मला थोडे खात्यातले बोलावे लागेल.

खुर्चीच्या नळ्या बहुधा सात सूत नाहीतर एक इंच, म्हणजे २२ किंवा २५ मिलिमीटर. तयार क्लॅम्प ह्या मापांचे मिळतात. नव्या विजेच्या खुर्च्यांत गोल नळी दिसेनाशी झाली आहे. चौकोनी पट्ट्या आणि खोबणी आली, तेव्हा दर खुर्चीला वेगळा तुकडा लागतो. भोक पाडून मोकळे व्हावे म्हटले तर ताणाखालच्या नळीला भोक म्हणजे उद्याची चीर. मग वजन. २ किलोचे यंत्र ४५ सेंटीमीटर लांब दांडीच्या टोकाला धरणे म्हणजे सांध्यापासून १० सेंटीमीटरवर ९ किलो टांगण्यासारखे आहे, आणि हे खुर्ची उभी असताना. आपल्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ते कित्येक पट होते. सांधा रोज केसभर ढळतो. जो माणूस बोटाने टंकतो त्याला पडदा दोन इंच खाली आलेला कसाबसा चालेल. जो डोळ्यांच्या नजरेने टंकतो त्याला चालणार नाही. त्या यंत्राला डोळ्यांपासून साधारण दोन फुटांचे अंतर आणि नेमका कोन लागतो, नाहीतर यंत्र आंधळे होते. खुर्चीचे आसन मागे कलत असेल तर क्लॅम्प आसनाबरोबर हलणाऱ्या चौकटीला हवा. खालच्या गाड्याला लावला तर माणूस मागे जातो आणि वाचा पुढे राहते. दांडी इतकी बाहेर नको की दारात अडकेल, पडदा इतका मोठा नको की समोरची पायरी दिसणार नाही. मोटारीतून जाताना टक्कर झाली तर हेच यंत्र छातीवर येते. मोटारीत नेल्या जाणाऱ्या खुर्च्यांच्या चाचणीचे नियम अमेरिकेत २००० साली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर २००१ साली झाले. प्रवासात यंत्र काढून वेगळे बांधावे हे शहाणपणाचे. पण काढले की माणूस प्रवासभर मुका.

आणि ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे दांडी बाजूला वळली पाहिजे. माणसाला खाटेवर घ्यावयाचे, जेवू घालावयाचे, तर यंत्र मध्ये चालत नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या जोडणीला खटका असतो; तो दाबला की दांडी दारासारखी बाजूला होते. खटका बहुधा सेवा करणाऱ्याच्या हाताशी असतो. आता विचार करा. माणूस तक्रार करतो आहे, घरच्यांना ती ऐकावयाची नाही, आणि खटका घरच्यांच्या हातात आहे. कोणी वाईट हेतूने करते असे मी म्हणत नाही. आंघोळीला उशीर झालेला असतो, दूध उतू जात असते. पण एका खटक्यासरशी माणसाची वाचा बाजूला सारली जाते, आणि ती परत समोर कधी यावी हे दुसरा ठरवतो. कामगारांच्या सभेत ध्वनिक्षेपकाची तार कोणी काढायची हे मालकाने ठरवावे, तसे हे आहे. अमेरिकेत मिनिॲपोलिसच्या डायॲन गुडविन ह्या अभियंतीने अशी जोडणी केली आहे की खुर्चीत बसलेल्याने स्वतः सांधे सोडावेत, पडदा हवा तेथे न्यावा आणि तेथेच तो पक्का व्हावा. सगळ्या सुधारणांत मला ही मोठी वाटते.

आपल्याकडे काय आहे? हात आहेत. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ साली निघाली आणि पुढे ती खडकीला आली. कणा मोडलेल्या सैनिकांचे केंद्र खडकीलाच १९७४ पासून आहे. अपंगांची साधने बनविणारा कानपूरचा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. साधने वाटण्याची केंद्राची योजना १९८१ पासून आहे. २०१६ साली हक्कांचा कायदा झाला. शिबिर भरते, खुर्ची मिळते, छायाचित्र निघते. माझ्या पाहण्यातील एकाही शिबिरात पाना घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला नाही.

आमच्या संघटनेचा एक सभासद, साखर कारखान्यातील खलाशी, उंचावरून डोक्यावर पडला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डावा हात चालतो, समजते सगळे. खुर्ची मंजूर झाली. बोलणारे यंत्र आम्ही वर्गणीतून घेतले. ते खुर्चीला बसविण्याच्या दांडीचा खर्च मागितला तेव्हा एका कचेरीने कळविले की दांडी ही साधनांच्या यादीत नाही, ती फर्निचरमध्ये मोडते. चार महिने यंत्र उशीखाली होते. मग कारखान्यातील दोन फिटर आणि एक वेल्डर रविवारी त्याच्या घरी जाऊ लागले. पहिली दांडी विजेच्या तारा घालतात त्या पातळ पाइपाची केली. ती आठवड्यात वाकली. दुसरी जाड झाली, खुर्चीच पुढे कलू लागली. तिसऱ्या खेपेस सायकलच्या सीटखालचा क्लॅम्प वापरला. तो सात सुती नळी पकडायलाच केलेला असतो, आणि बाजारात सहज मिळतो. तो पक्का बसला. योग्य जागी सांध्यावर पंचाने खूण केली, म्हणजे कोणीही सोडून पुन्हा बसविले तरी पडदा त्याच जागी येईल.

दांडी उजव्या बाजूला बसवणे भागच होते. खाटेवर तो डाव्या, म्हणजे चालत्या अंगाने सरकतो. ती बाजू मोकळी हवी. त्यामुळे खटकाही उजवीकडे आला, जेथे त्याचा डावा हात पोचत नाही. सर्वांनी काम झाले असे धरले. चहा झाला. त्याने एका बोटाने बराच वेळ टंकले आणि यंत्र बोलले, “खटका इकडे पाहिजे.” वहिनी म्हणाल्या, “अहो, मी आहे ना इथे दाबायला.” त्याने तेच वाक्य पुन्हा वाजविले.

पुढच्या रविवारी वेल्डरने सायकलच्या ब्रेकची तार आणि मूठ आणली. तार आसनाखालून नेली, मूठ डाव्या हाताच्या टेकणीला आवळली, दुसरे टोक खटक्याला जोडले. आता मूठ दाबली की दांडी सुटते. परत समोर ओढून घेण्यासाठी एक दोरी बांधली आहे. तिच्या जागी स्प्रिंग बसविण्याचे काम चालू आहे.